आडनाव काय?

मुलाला काय काय शिकवायचं याची एक यादी प्रत्येक आईबापाच्या डोक्यात असते. पोहणं, पाढे, सायकल, स्वतःची ताटली स्वतः घासणं वगैरे. आमच्या चिरंजीवांसाठी माझीही आहे. फक्त त्या यादीत एक उलटी गोष्ट आहे, म्हणजे त्याने जी शिकू नये असं मला वाटतं. माणूस समोर आला की त्याचा रंग, त्याचं आडनाव, त्याचा मोहल्ला बघून याला कुठे बसवायचं हे मनातल्या मनात ठरवणं. ही कला आपल्याकडे फार लवकर येते. पाढ्यांच्याही आधी येते.

२०२० मध्ये अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइडचा पोलिसांच्या हातून मृत्यू झाला तेव्हा आपल्यापैकी बऱ्याच जणांनी हळहळ व्यक्त केली होती. मीही केली. वंशभेद म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कायम दूरचा देश येतो. अमेरिका, दक्षिण आफ्रिका. आपण त्यातले नाही, आपण तर सोसणारे, असं एक समाधान असतं त्यात. गांधीजींना गाडीतून उतरवलं ते आपल्या सगळ्यांनाच उतरवलं होतं ना!

त्याच अमेरिकेत १९४० च्या दशकात केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ नवराबायकोने एक साधा प्रयोग केला होता. तीन ते सात वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलांपुढे बाहुल्या ठेवल्या. सगळ्या सारख्या, फरक फक्त रंगाचा. चांगली बाहुली कोणती, वाईट कोणती, असं विचारलं. बहुतेक मुलांनी चांगली म्हणून गोरी बाहुली उचलली. मग विचारलं, तुझ्यासारखी कोणती? तेव्हा काही मुलं रडवेली झाली. पुढे १९५४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांमधली रंगानुसार विभागणी रद्द केली, त्या खटल्यात या प्रयोगाचा आधार घेतला गेला.

हे वाचताना मला आमच्या घरातली बारशी आठवली. पाळण्यात बाळ असतं आणि आलेली प्रत्येक बाई आधी रंगाबद्दल बोलते. 'रंग बाकी आजीवर गेला हं' किंवा 'होईल, होईल, उजळेल, बेसन लावा.' ते बेसन लावलेलं बाळ ऐकत असतं. पहिल्या महिन्यात कळत नसेल, पण ही वाक्यं काही बारशापुरती थांबत नाहीत. आपल्याकडे रंग उजळवणारं एक क्रीम १९७५ मध्ये बाजारात आलं, आणि त्याच्या नावातला 'फेअर' हा शब्द निघायला २०२० उजाडावं लागलं. गदिमांनी लिहिलेलं, खळ्यांनी चाल लावलेलं, आशाबाईंनी गायलेलं ते दादाला वहिनी आणायला सांगणारं गाणं आपण सगळ्यांनी लहानपणी म्हटलंय. गाणं गोडच आहे, त्यात वाद नाही. पण त्या वहिनीची पहिली अट रंगाची आहे, हे गाणं म्हणत म्हणतच आपण शिकलो. आणि गंमत बघा, ज्याच्यासाठी लाखो लोक पायी पंढरपूरला जातात तो काळा. देव चालतो काळा, सून चालत नाही.

पण रंगाचा प्रश्न त्यातल्या त्यात सोपा, असं मी म्हणेन. रंग निदान दिसतो. त्यावर मुलाशी बोलता येतं. आपल्याकडचा खरा प्रश्न न दिसणारा आहे.

बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ मध्ये 'द अनटचेबल्स' हे पुस्तक लिहिलं. अस्पृश्य मानले गेलेले लोक वेगळ्या वंशाचे आहेत, असं त्या काळातले काही विद्वान म्हणत. इंग्रज अधिकाऱ्यांनी तर लोकांची नाकं मोजून तक्ते केले होते. बाबासाहेबांनी मोजमापांचे आकडेच हातात घेतले आणि दाखवून दिलं की त्यावरून ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात. म्हणजे नाकावरून कळत नाही, कपाळावरून कळत नाही, रंगावरून तर नाहीच नाही.

मग कळतं कसं? विचारावं लागतं. म्हणून तर आपल्याकडे तो प्रश्न आहे, आणि तो इतका साळसूदपणे विचारला जातो की त्यात काही वावगं आहे असं कोणाला वाटत नाही. 'आडनाव काय?'

माझं माहेर खापा. नागपूरहून सावनेरच्या बाजूला, कन्हान नदीच्या काठावरचं. जुनं विणकरांचं गाव. आम्ही कोष्टी. आजीच्या घरात हातमाग होता आणि आजी दुपारभर कांड्या भरत बसायची. जवळच गुमगावची मॅंगनीजची खाण आहे. खाणीतून पाळी संपवून वर येणाऱ्या माणसांच्या अंगावर ती काळी धूळ असते, आणि त्या धुळीत सगळे सारखेच दिसतात. घरी जाऊन आंघोळ केली की मग ज्याचा त्याचा मोहल्ला.

उन्हाळ्याच्या सुट्टीत चिरंजीव माझ्यासोबत खाप्याला असतात. वय वर्षं आठ. दोन दिवसांत त्याला मित्र मिळतात. गेल्या उन्हाळ्यात असाच एक मित्र जेवायच्या वेळेला घरी आला. मोठी आई (माझी मोठी काकू) छपरीत बसली होती. तिने अगदी मायेने विचारलं, "काय नाव हाय बाबू तुहं?" त्याने सांगितलं. "अन् आडनाव?" त्याने तेही सांगितलं.

मोठी आई काही वाईट बोलली नाही. तिने त्याला डब्यातला लाडू आणून दिला, पाणी दिलं, "बस इथं वाऱ्याला" म्हणाली. छपरीत. माझ्या मुलाला मात्र "चल रे, ताट वाढलंय" म्हणून आत बोलावलं. तिच्या लेखी तिने पाहुणचार केला होता. चाळीस वर्षांपूर्वी लाडूही आला नसता.

मी आतून दुसरं ताट आणलं, दोघांच्या पाटांशेजारी पाट मांडले आणि म्हटलं, "मोठी आई, तो पण आतच बसेल. दोघं सोबतच खेळून आलेत, भूक लागली असेल." ती म्हणाली, "मी का नाही म्हटलं का? तू बी नं, कशाचं काय करतं!" आणि उठून मागे गेली. दोघं पोट्टे वडाभात खाऊन पुन्हा नदीकडे पळाले. मोठी आई त्या दिवशी माझ्याशी फारशी बोलली नाही. रात्री गच्चीवर चिरंजीवांनी विचारलंच, "आई, आडनावावरून काय कळतं?"

आता इथे दोन रस्ते असतात. माझ्या ओळखीतले बरेच समंजस आईबाप पहिला निवडतात. मुलाला काही सांगायचंच नाही. जात हा शब्दच घरात नको. सगळी माणसं सारखी, संपलं. त्यामागचा हेतू चांगला असतो हे मला मान्य आहे, आणि तर्कही चुकीचा नाही. जे डोळ्यांना दिसत नाही ते शिकवल्याशिवाय कळणार नाही, मग शिकवूच नका, आपोआप मरेल.

पण तसं होत नाही, कारण शिकवणारे आपण एकटे नसतो. छपरी शिकवते. 'आपल्यातला आहे का?' हा लग्नाच्या गप्पांमधला प्रश्न शिकवतो. कोणाला चांगले मार्क मिळाले की 'त्यांना काय, सवलती आहेत' हे वाक्य शिकवतं. आपण गप्प राहिलो तर मूल रिकामं राहत नाही, ते बाकीच्यांकडून भरून घेतं. शिवाय तो जो मित्र होता, त्याच्या आईला हा पर्याय आहे का? आपल्या मुलाला काही न सांगण्याची चैन तिला परवडते का? त्याला छपरीत लाडू मिळाला की तिला रात्री काहीतरी उत्तर द्यावंच लागतं. एकाच गावातल्या दोन आया. एकीने सांगायचं आणि दुसरीने मूल निरागस आहे म्हणून कौतुक करून घ्यायचं, हे काही बरोबर नाही.

म्हणून मी त्याला सांगितलं. आठ वर्षांच्या मुलाला कळेल असं. मागावरूनच सुरुवात केली, कारण माग त्याने बघितलेला आहे. आपल्या नागपूर भागात कोष्टी बारीक सुताचं, रेशीमकाठी कापड विणायचे आणि महार समाजातले पुष्कळ लोक जाडंभरडं कापड विणायचे. दोघांचा ताणा तसाच, बाणा तसाच, धोटा तसाच. ते जाडं कापड बाजारात विकलं जायचं, म्हणजे घेणारे आणि अंगावर घालणारे होतेच. पण मुंबईच्या कापड गिरण्यांमध्ये याच समाजातल्या कामगारांना विणखात्यात घेत नसत, आणि विणखात्यात पगार जास्त. कारण काय? कांडी बदलली की धोट्याच्या भोकातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. त्या धाग्याला त्यांचं तोंड लागलेलं इतर विणकरांना चालत नव्हतं. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा मुद्दा संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला होता. कामगारांच्या एकीची भाषा करणाऱ्यांपुढे.

"पण धागा तर तोच असतो ना?" चिरंजीव म्हणाले. मला वाटतं त्याला कळलं.

मी त्याला दुसरी एक गोष्ट सांगितली, जाईबाई चौधरींची. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्या 'आम्हीही इतिहास घडवला' (१९८९) या पुस्तकामुळे त्या माझ्यापर्यंत पोहोचल्या. आपल्याच नागपूरच्या, पण शाळेत त्यांचं नाव मी कधी ऐकलं नव्हतं. जाईबाई नागपूर ते कामठी डोक्यावर ओझी वाहून नेण्याचं काम करायच्या. एका मिशनरी बाईंच्या मदतीने त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या. शिकवणाऱ्या बाई अस्पृश्य आहेत हे कळल्यावर पालकांनी गोंधळ केला आणि नोकरी गेली. मग त्यांनी १९२२ मध्ये स्वतःच मुलींची शाळा काढली आणि तिला चोखामेळ्याचं नाव दिलं. १९३७ मध्ये नागपुरात अखिल भारतीय महिला परिषद भरली. देशभरातल्या शिकल्यासवरल्या, सुधारणावादी बायका. त्या परिषदेत जेवणाच्या वेळी जाईबाईंना वेगळं बसवलं गेलं. १ जानेवारी १९३८ ला दलित स्त्रियांनी सभा घेऊन त्याचा निषेध केला.

मला या प्रसंगातलं एकच जास्त टोचतं. त्या अडाणी बायका नव्हत्या. शिक्षणाने हे सगळं आपोआप जातं, असं आपण धरून चालतो ना? नाही जात. वेगळं शिकावं लागतं.

चार वर्षांनी, जुलै १९४२ मध्ये, नागपुरातच दलित महिलांची परिषद झाली. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या आणि हजारो बायका आल्या होत्या. तिथे बाबासाहेबांनी आयांना जे सांगितलं त्यात एक गोष्ट अशी होती, की मुलांना शिकवा, त्यांच्यात मोठं होण्याची ईर्षा जागवा आणि त्यांच्या मनातला न्यूनगंड काढून टाका. अमेरिकेत ते क्लार्क दांपत्य मुलांपुढे बाहुल्या मांडत होतं त्याच सुमाराची ही गोष्ट. दोन्हीकडे प्रश्न एकच होता, लहान मुलाच्या मनात स्वतःबद्दल काय बसलंय?

त्या आयांनी आपलं काम केलं. कसं केलं ते नागपुरात डोळ्यांना दिसतं. उरलेलं अर्धं काम आमच्यासारख्यांच्या घरचं आहे, ते म्हणजे मुलाच्या मनातला दुसरा गंड काढणं, आपण कोणापेक्षा तरी वरचे आहोत हा. तो काढायला आम्हाला कोणी परिषद भरवून सांगितलं नाही. आणि आम्हीही अगदी वरचे कुठे आहोत? आमचं आडनाव ऐकूनही नाक मुरडणारे भेटलेतच की. माझ्या बाबांना नागपुरात भाड्याची खोली शोधताना हाच प्रश्न आधी विचारला जायचा. बाबासाहेब ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हणतात ती हीच. प्रत्येकाला लाथ बसते, आणि लाथ मारायला खाली कोणीतरी मिळतो, म्हणून कोणी तक्रार करत नाही.

नागपुरात दसरा आला की आमच्या नात्यात एक वाक्य हमखास ऐकू येतं, 'दीक्षाभूमीकडे जाऊ नका, त्यांची गर्दी असते.' एवढी गर्दी गणपतीत असते, तेव्हा ती आपली असते. मागच्या वर्षी मी मुलाला घेऊन गेले. त्याला सांगितलं की १४ ऑक्टोबर १९५६ ला इथे बाबासाहेबांनी लाखो लोकांसोबत बौद्ध धम्म स्वीकारला. त्याचं लक्ष स्तूपाच्या घुमटापेक्षा पुस्तकांच्या दुकानांकडे जास्त होतं. रांगच्या रांग पुस्तकांची. गावोगावहून आलेली माणसं, डोक्यावर बोचकी, आणि त्या बोचक्यांत घरी न्यायची पुस्तकं. "जत्रेत खेळणी नाहीत, पुस्तकं आहेत!" असं त्याचं मत पडलं. एक पुस्तक आणि एक निळा झेंडा घेऊन आम्ही घरी आलो. झेंडा खिडकीत लागला. शेजारी काय म्हणतील असं घरात एकाने विचारलं. झेंडा तिथेच आहे.

तुम्ही म्हणाल, एवढं काय लावून धरायचं? आता कुठे राहिलंय जातबीत? २०११-१२ च्या एका मोठ्या देशव्यापी पाहणीत, सुमारे ४२ हजार कुटुंबांच्या, घरात अस्पृश्यता पाळली जाते असं सांगणारे सुमारे २७ टक्के निघाले. मध्य प्रदेशात ५३ टक्के, आणि खाप्याहून मध्य प्रदेशची हद्द काही लांब नाही. महाराष्ट्रात मात्र ४ टक्के. वाचून आधी बरं वाटलं. मग वाटलं, मोठ्या आईला कोणी विचारलं असतं तर तिनेही 'आम्ही नाही पाळत' असंच सांगितलं असतं. आणि ते तिच्या दृष्टीने खरंच असतं.

आणि त्याच महाराष्ट्रात, आमच्या शेजारच्या भंडारा जिल्ह्यात, २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजी घडलं. भोतमांगे कुटुंबातली चार माणसं, आई, मुलगी आणि दोन मुलगे, गावातल्या जमावाने मारली. खटला चालला, शिक्षाही झाल्या, पण अ‍ॅट्रॉसिटी कायदा लागू झाला नाही. मी तेव्हा कॉलेजात होते आणि मारणाऱ्यांचाच विचार करायचे. आता आई झाल्यावर एक वेगळाच विचार येतो. त्या जमावातला प्रत्येक जण कधीतरी आठ वर्षांचा होता. कोणाच्या तरी छपरीत बसून त्याने काहीतरी ऐकलेलं होतं. जमाव एका दिवसात जमतो, पण तयार व्हायला वर्षं लागतात, आणि ती वर्षं घराघरांत जातात. लाडू छपरीत देणं आणि खैरलांजी एक नाही, हे मला कळतं. मोठी आई मुंगीही मारणार नाही. पण दोन्हीची मुळाक्षरं तीच आहेत, त्यामुळे मी अक्षरओळखीलाच घाबरते.

आता थोडं व्यवहाराचं. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने खाजगी शाळांमध्ये २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी ठेवल्या. २०२४ मध्ये आपल्या राज्य सरकारने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी शाळा असेल तर खाजगी शाळेला यातून सूट दिली होती. मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी तो बदल रद्द केला. त्या काळात पालकांच्या गप्पांमध्ये मी ऐकलेलं वाक्य होतं, 'आपल्या मुलांवर संस्कार कोणते होतील?' मी म्हटलं, चांगले होतील. बाकावर शेजारी बसून डबा वाटून खाणं हा संस्कार कुठल्याच शिबिरात मिळत नाही. तसंच डिसेंबर २०२० मध्ये सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला. पाटी बदलते, लोकांच्या तोंडातलं नाव बदलायला पिढी जाते. ती पिढी आपल्या घरात सध्या गृहपाठ करत बसलेली आहे.

माझ्या मुलाने जात न दिसणारा माणूस व्हावं, असं मला वाटत नाही. न दिसणाऱ्याला अन्यायही दिसत नाही. त्याला दिसावं. कोणाला छपरीत बसवलंय, कोणाचा कप वेगळा ठेवलाय, कोणाच्या नाकाडोळ्यांवरून 'चिनी' म्हणून हसताहेत, वर्गातली कोणती मुलगी फोटोत कडेला उभी राहते. दिसावं, आणि त्याच्या पोटात कालवाकालव व्हावी. आणि मग त्याने मोठ्यांसमोर, आदर न सोडता, दुसरं ताट आणून ठेवावं. त्याला कधी कोणी 'आडनाव काय?' विचारलं तर त्याने खुशाल सांगावं. त्याने मात्र नाव विचारून झालं की पुढचा प्रश्न 'जेवलास का?' हा विचारावा.

हे वाचणाऱ्या नातेवाइकांपैकी काहींना राग येईल. यावा. खाप्याला याल तेव्हा बोलू, ताटं सगळ्यांची आतच मांडू. आणि एक सांगते, मोठ्या आईच्या हातचा वडाभात जगात भारी आहे, तो सगळ्या पोट्ट्यांना मिळायला हवा, एवढंच माझं म्हणणं आहे.